टपालाचा खोका आणि पोटातली शिदोरी

सकाळी सव्वासहाला टपाल कार्यालयातून फोन आला. "तुमची पिल्लं आली आहेत, लवकर या." बोलणाऱ्या बाईंच्या आवाजामागे चिवचिवाट स्पष्ट ऐकू येत होता. मी अमेरिकेतल्या ओहायोत राहतो आणि परसात कोंबड्या पाळतो. पंचवीस पिल्लं मागवली होती. काउंटरवर पुठ्ठ्याचा एक खोका होता. त्याच्या चारी बाजूंना रुपयाएवढी भोकं होती आणि एका भोकातून चोच बाहेर आली होती. गाडीचा हीटर पूर्ण सोडून घरी आणला आणि झाकण उघडलं. हॅचरीने, म्हणजे यंत्रात अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राने, एक पिल्लू जास्तीचं घातलं होतं, म्हणजे सव्वीस. त्यातली चार मेलेली. तीन एका कोपऱ्यात, इतरांच्या वजनाखाली चपटी झालेली. चौथं मधोमध, मान लांबवून पडलेलं. पुढच्या चार दिवसांत आणखी तीन गेली.

ज्यांनी कधी अशी पिल्लं मागवली आहेत त्यांच्या मनाला ही पुढची तीन जास्त लागतात. खोक्यात मेलेल्यांचा दोष प्रवासाला देता येतो. घरी आणल्यावर गेलेल्यांचा आपण स्वतःला देतो. बल्ब खाली लावायला हवा होता का, पाणी गार होतं का, असं रात्रभर डोक्यात चालतं. म्हणून या तिघांचं काय झालं असावं ते नीट मांडावंसं वाटतं.

जिवंत पिल्लं टपालाने येतात हे महाराष्ट्रात सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. तिकडे हॅचरीची गाडी येते नाहीतर खोके बसवर चढवले जातात, आणि बहुतेक वेळा एका रात्रीत पोचतात. अमेरिकेत अंतरं मोठी. १८९२ मध्ये न्यू जर्सीतल्या स्टॉकटन गावच्या जोसेफ विल्सन यांनी एक दिवसाची पिल्लं रेल्वेच्या पार्सलने ओहायोला पाठवली, आणि १९१८ पासून टपाल खात्याने ती अधिकृतपणे घ्यायला सुरुवात केली. नियम आजही साधा आहे. टपालात देताना पिल्लू चोवीस तासांपेक्षा मोठं नसावं, खोक्यावर जन्माची तारीख आणि तास लिहिलेला असावा, आणि जन्मापासून बहात्तर तासांच्या आत ते घरी पोचावं. या बहात्तर तासांत खाणं नाही, पाणी नाही.

हे शक्य होतं ते बलकामुळे. कोंबडीचं अंडं एकवीस दिवस उबतं. पहिले अठरा-एकोणीस दिवस बलकाची पिशवी पिल्लाच्या पोटाबाहेर लोंबत असते. कवच फोडायच्या आदल्या एक-दोन दिवसांत पिल्लू ती उरलेली पिशवी बेंबीच्या वाटेने आत ओढून घेतं, आणि बेंबी मिटते. चाळीस ग्रॅमचं पिल्लू बाहेर पडतं तेव्हा त्याच्या पोटात पाच-सात ग्रॅम बलक शिल्लक असतो. त्यात चरबी असते, पाणी असतं, आईकडून आलेली रोगप्रतिकारक प्रथिनं असतात. एक ग्रॅम चरबी शरीरात जळली की एक ग्रॅमहून थोडं जास्त पाणीही तयार होतं. पिल्लू शिदोरी बांधूनच जन्माला येतं.

ही शिदोरी कशासाठी, हे मला आजीकडे कोकणात कळलं होतं, फक्त तेव्हा कळलंय हे कळलं नव्हतं. खुडूक कोंबडी डाल्यात बसलेली असायची. पहिलं पिल्लू पंखाखालून डोकावलं की मी तांदळाची कणी मुठीत घेऊन धावायचो. आजी हात धरायची. "थांब. आईला उठू दे, मग खातील." कोंबडी रोज फार तर एक अंडं घालते आणि सगळी जमली की त्यांवर बसते, तरी सगळी एकाच घटकेला फुटत नाहीत. एक-दीड दिवस मागेपुढे होतं. लाव्याच्या अंड्यांवर केंब्रिजमधल्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात काम केलं. फुटायला आलेली पिल्लं कवचाच्या आतून टकटक असा आवाज करतात, आणि तो ऐकून मागे राहिलेली शेजारची पिल्लं घाई करतात, असं त्यांना आढळलं. इतकं करूनही काही तासांचं अंतर उरतंच. सर्वात आधी आलेल्याने शेवटच्याची वाट बघायची असते, आणि त्या काळात आई घरटं सोडून चारा दाखवायला जाऊ शकत नाही. तेवढ्या वाट बघण्यापुरता बलक.

ही वाट बघणं चालतं ते मात्र ४१ अंश तापमानाच्या अंगाखाली. टपालाने बलकाचा फायदा घेतला. ते अंग खोक्यात घालता येत नाही.

पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. आजूबाजूची हवा गार झाली की त्याचं अंगही गार होत जातं. अंगावर फक्त लव असते, पिसं नसतात, आणि एवढ्याशा जिवाच्या मानाने उष्णता निसटायला त्वचेचा पसारा मोठा असतो. म्हणून पिल्लं एकमेकांना चिकटतात. पूर्वापार निदान पंचवीस पिल्लांची मागणी घ्यायची हॅचरींची पद्धत यामुळेच पडली. पंचवीस अंगांची ऊब एकत्र झाली तर खोक्याच्या आत ३२ अंशांच्या आसपास तापमान टिकू शकतं. कमी पिल्लं मागवली तर कित्येक हॅचरी जागा भरायला फुकट नर घालतात. त्या नरांना कोणी मागवलेलं नसतं. ते केवळ उबेसाठी प्रवास करतात. हे मला प्रत्येक वेळी टोचतं.

गारठा लागला की पिल्लं ढीग करतात आणि खालची गुदमरतात. माझ्या खोक्यातली कोपऱ्यातली तीन तशीच गेली असावीत. उष्णता वाढली तर उलट होतं. नवजात पिल्लाचं अंग ४० ते ४०.५ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकू लागतं, कारण त्याला घाम येत नाही; पाणी तोंडावाटे उडवूनच गार व्हायचं. नीट ठेवलेलं पिल्लू पहिल्या दिवसात एक-दोन ग्रॅम ओलावा गमावतं. धापा टाकणारं पाच ते दहा ग्रॅम गमावू शकतं. चाळीस ग्रॅमच्या जिवातून दहा ग्रॅम! उन्हात उभ्या राहिलेल्या बंद ट्रकमध्ये भूक लागायच्या कितीतरी आधी हे घडून गेलेलं असतं.

मे २०२५ मध्ये डेलावेअरमध्ये टपाल खात्याच्या एका वितरण केंद्रात सुमारे १२,००० पिल्लं ट्रकमध्ये तीन दिवस अडकून पडली. ट्रक उघडला तेव्हा त्यातली सुमारे ४,००० मेलेली होती. त्याआधी २०२० च्या उन्हाळ्यात, टपाल सगळीकडे रेंगाळत होतं तेव्हा, मेन राज्यातल्या शेतकऱ्यांकडे निदान ४,८०० पिल्लं मेलेली पोचली. तीन दिवसांचा हिशेब हा सगळं वेळेत आणि योग्य तापमानात घडेल या भरवशावर बेतलेला आहे. त्यात एका दिवसाचीही सैल जागा नाही.

आणि मुळात हा हिशेब कुठून सुरू होतो? हॅचरीच्या यंत्रात हजारो अंडी एकत्र असतात. पहिलं पिल्लू आणि शेवटचं पिल्लू यांत चोवीस ते छत्तीस तासांचं अंतर सहज पडतं. सगळी फुटली की ट्रे एकदम बाहेर काढतात, मोजतात, लस देतात आणि खोके भरतात. खोक्यावर तास मात्र एकच लिहिलेला असतो. जे पहिल्यांदा कवचाबाहेर आलं ते टपालाच्या हाती पडतानाच दीड-दोन दिवसांचं असू शकतं. खोका नियमात बसून पोचला तरी त्याचे स्वतःचे तास शंभराच्या घरात गेलेले असतात. एकाच खोक्यातलं एक पिल्लू टुणटुण उड्या मारतं आणि शेजारचं डोळे मिटून उभं राहतं, ते का, हे यावरून समजतं.

शिवाय बलक हे निव्वळ खाणं नाही. चारा पोटात गेला की आतडं हलू लागतं, आणि त्या हालचालीने बलकही लवकर आत शोषला जातो. उपाशी ठेवलेल्या पिल्लांत तो हळू उतरतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे ज्याला चारा मिळत नाही त्याची शिदोरीही धड सुटत नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगनच्या इंग्रिड दे योंग आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. जन्मानंतर साधारण ४८ तास खाणंपाणी न मिळालेल्या पिल्लांचं वजन कमी राहतं आणि सहा आठवड्यांपर्यंतची एकूण मरतुक वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. युरोपात अशा पिल्लांचा प्रवास चोवीस तासांपेक्षा कमी आणि जन्मापासून बहात्तर तासांच्या आत संपणारा असावा लागतो. माझ्या मते ही चोवीस तासांची मर्यादाच जास्त शहाणपणाची आहे.

आता ती तीन पिल्लं. खोका आणल्यावर प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवली. गावाकडे पहिल्या दिवशी गूळपाणी देतात, तसंच मीही केलं. थकलेल्या जिवाला लगेच वापरता येईल अशी साखर त्यातून मिळते. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी दिव्याची पेटी, आदल्या रात्रीपासून तापवून ठेवला होता, दिव्याखाली ३४ अंश. भुशावर कागद अंथरून त्यावर मक्याचा भरडा पसरला. हॅचरीत काम केलेल्या एका शेजाऱ्याने शिकवलं होतं म्हणून पिल्लांचे पाय एकेक करून गालाला लावून पाहिले. गार लागले तर पिल्लू आतून गारठलेलं असतं. पाच-सहांचे गार होते. काहींच्या पायांची कातडी सुरकुतलेली आणि शीर उठून दिसणारी होती. ती पाणी कमी पडल्याची खूण.

रात्री दहाला टॉर्च घेऊन पुन्हा एकेकाला उचललं आणि गळ्याखालची खाद्याची पिशवी बोटाने चाचपली. पोटभर खाऊन पाणी प्यालेल्याची पिशवी मऊ, भिजवलेल्या पिठासारखी लागते. नुसता चारा खाल्ला असेल तर टणक. बाविसांपैकी एकोणीस मऊ लागल्या. तिघांच्या पिशव्या रिकाम्या, सपाट. ती दिव्याखाली होती, पाणी हातभर अंतरावर होतं, भोवती सगळी टोचत होती, आणि ही नुसती उभी होती.

गेली ती हीच तीन. दोन तिसऱ्या दिवशी, एक चौथ्या. पिल्लं पाळणाऱ्या सगळ्यांना हे तिसऱ्या ते पाचव्या दिवसातलं मरण ओळखीचं असतं. ज्याने खायला-प्यायला सुरुवातच केली नाही ते बलकावर तेवढे दिवस काढतं आणि मग थांबतं.

शेवटचं पिल्लू मी राज्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं. बेंबी स्वच्छ मिटलेली, जंतुसंसर्ग नाही. मूत्रपिंडावर खडूसारखे पांढरे कण साचलेले, म्हणजे शरीर बराच काळ पाण्यावाचून होतं. आणि आतड्याला लागून हरभऱ्याएवढा बलक, पिवळा, तसाच राहिलेला. "हे तुमच्याकडे मेलं," त्या म्हणाल्या, "पण त्याचं पाणी आधीच, वाटेतच आटलं होतं."

आता पहिल्या रात्री ज्यांच्या पिशव्या रिकाम्या लागतात त्यांना मी वेगळ्या डब्यात ठेवतो, सोबतीला एक टोचणारं धट्टंकट्टं पिल्लू देतो, आणि दर दोन तासांनी चोचीच्या कडेला ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब लावतो. घशात पिळत नाही. श्वासनलिकेत गेलं तर संपलं. थेंब चोचीच्या कडेला थांबतो, पिल्लू डोकं झटकतं, मग मान वर करून गिळतं. पहिल्या तीन-चार थेंबांत हे झालं तर मी गजर लावून उठत राहतो.