सिग्नल तुटला की व्होल्टेज पडलं?

रिमोटवर चालणारा मॉडेल ट्रक चढावर अडकतो. तुम्ही स्टीअरिंग पूर्ण वळवता आणि गाडी एकदम मरते. दोनएक सेकंदांनी आपोआप जागी होते. बघणाऱ्यांचं निदान तयारच असतं: रिमोट स्वस्तातला आहे, रेंज नाही, सोसायटीतल्या वायफायमुळे होतंय. मग भारी रेडिओ येतो आणि ट्रक त्याच चढावर, त्याच वळणाला पुन्हा मरतो. नव्या माणसाचे पैसे असे वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सिग्नल तुटणं वेगळं आणि रिसीव्हरचं, म्हणजे ट्रकमध्ये सिग्नल पकडणाऱ्या भागाचं, व्होल्टेज पडणं वेगळं. मॉडेल ट्रकमध्ये बहुतेक वेळा दुसरंच घडलेलं असतं.

सिग्नलचं आधी थोडक्यात उरकतो. चॅनल बदलायला 27 मेगाहर्ट्झचे क्रिस्टल बदलत बसायचे दिवस गेले. 2.4 गिगाहर्ट्झचे आजचे सेट सतत चॅनल बदलत राहतात, त्यामुळे पार्किंगमध्ये वीस-तीस मीटरवरच्या ट्रकला वरच्या मजल्यांवरची वायफाय सहसा आडवी येत नाहीत. सिग्नल खरंच तुटत असेल तर आधी रिसीव्हरची अँटेना बघा. तिच्या टोकाचा आवरण काढलेला साधारण 31 मिलिमीटरचा भाग म्हणजे खरी अँटेना. तो अॅल्युमिनियमच्या चासीला चिकटवून किंवा मोटरच्या वायरींबरोबर बांधून ठेवला, तर कितीही महागडा रेडिओ हतबल होतो. टोक केबिनच्या प्लॅस्टिकमध्ये वर काढा. फेलसेफला, म्हणजे सिग्नल गेल्यावर ट्रकने काय करायचं त्या सेटिंगला, थ्रॉटल न्यूट्रल लावून घ्या, यात हयगय नको.

आता व्होल्टेज. रिसीव्हर आणि सर्वो (स्टीअरिंग, गिअर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मुख्य बॅटरीवर थेट चालत नाहीत. ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, बीईसी नावाचा छोटा भाग असतो, तो बॅटरीचं व्होल्टेज 5 किंवा 6 वर आणून त्यांना पुरवतो. स्वस्त ब्रश्ड ईएससीत हा बीईसी बहुधा 2-3 अँपिअरचाच असतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा एमजी996आर सर्वो घ्या. 6 व्होल्टला त्याची कागदावरची ताकद 11 किलो-सेंटिमीटर. पण चाक दगडाला अडून सर्वो जागच्या जागी रेटत राहिला, तर तो एकटा अडीच अँपिअर ओढतो. त्यात गिअरचा सर्वो, लाइट आणि साउंड युनिट आलं की बीईसी कोलमडतो. बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर मोठा नळ सोडला की वरची धार बसते, तसंच हे. व्होल्टेज साडेतीन-चारच्या खाली गेलं की रिसीव्हर बंद पडतो आणि वीज सावरली की नव्याने सुरू होतो. तुम्हाला वाटतं, रेंज गेली.

दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. सिग्नल तुटतो तो अंतराने किंवा आडोशाने. व्होल्टेज पडतं ते तुमच्या पायाशीसुद्धा, आणि नेमकं स्टीअरिंगवर जोर आला की. सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर जिवंत असतो, फेलसेफ लागतं, सर्वोला वीज असतेच. व्होल्टेज पडलं तर चाकं सैल पडतात, रिसीव्हरचा दिवा विझून पुन्हा लुकलुकतो, काही ईएससी तर चालू करताना वाजते तशी पुन्हा वाजते. ट्रक खरखरीत फरशीवर उभा करा, पुढची चाकं हाताने घट्ट धरा, दुसऱ्याला स्टीअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि नजर दिव्यावर ठेवा. रिमोट हातभर अंतरावर असताना दिवा विझला, तर रेडिओचा विषय तिथेच मिटला. साध्या मल्टिमीटरवर ही क्षणिक घसरण दिसत नाही. टेलिमेट्री (ट्रककडून रिमोटला माहिती परत येण्याची सोय) असलेला सेट, अगदी फ्लायस्काय एफएस-आय6 सुद्धा, रिसीव्हरचं व्होल्टेज स्क्रीनवर दाखवतो. ते बघत चालवा.

यावर 'अजून मोठा सर्वो टाक' असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. 25 किलो-सेंटिमीटर ताकदीचा सर्वो त्याच दुबळ्या बीईसीवर लावलात, तर तो बहुधा आणखी करंट मागेल आणि ट्रक आधीपेक्षा लवकर मरेल. शिवाय खोक्यावरचे 25 किलो कोणत्या व्होल्टेजला, ते वाचा. बरेचदा ते 7.4 किंवा 8.4 व्होल्टचे असतात आणि तुमचा बीईसी देतोय 6. थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरवरही माझा भरवसा नाही. रिकाम्या चॅनलला लावलेला कपॅसिटर क्षणभराची घसरण सावरेल, दगडाला अडलेल्या सर्वोला पोसणार नाही.

खरा उपाय म्हणजे 5 ते 10 अँपिअरचा स्वतंत्र बीईसी, तोही तुमच्या सर्वोला आणि रिसीव्हरला झेपेल त्या व्होल्टेजवर लावून. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर नुसता 'बीईसी द्या' म्हणू नका, सलग किती अँपिअर देतो ते विचारा. मोठ्या अक्षरांतला आकडा अनेकदा क्षणिक असतो. जोडताना ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन वायरींपैकी मधली लाल पिन प्लगमधून काढा आणि तिच्यावर टेप गुंडाळा, नाहीतर दोन बीईसी एकमेकांवर वीज ढकलत बसतील. काळी वायर मात्र जोडलेलीच हवी, तिच्याशिवाय सिग्नलला आधार नाही.

पैसे खर्च करण्याआधी एंड पॉइंटही, म्हणजे सर्वोने कुठपर्यंत वळायचं ती रिमोटवरची मर्यादाही, तपासा. ट्रक उभा असताना सर्वो गुणगुणत असेल, तर लिंकेज (सर्वोला चाकांशी जोडणारी दांडी) टोकाला अडलंय आणि सर्वो फुकट करंट खातोय. गुणगुण थांबेपर्यंत रिमोटवर हालचाल कमी करा.

रेडिओच्या निवडीत फार घोळ नाही. तीन गिअरच्या 1/14 मापाच्या ट्रकला स्टीअरिंग, थ्रॉटल, गिअर आणि लाइट-साउंड असे चार चॅनल लागतात, म्हणून तिथे काड्यांचाच रिमोट. बंदुकीसारख्या रिमोटवर अंगठ्याच्या बटणाने गिअर टाकणं मला पटत नाही. दगडांत चालणाऱ्या क्रॉलरला मात्र बंदूकच बरी. स्टीअरिंगला मेटल गिअरचा दणकट सर्वो द्या. गिअर बदलायला साधा स्टँडर्ड सर्वो पुरतो, आणि तोच लावा: तिथे ताकदवान सर्वो बसवला की दात जुळले नसतानाही तो रेटत राहतो आणि शिफ्टची तार वाकवतो.