प्रीमियम पेट्रोल

साध्या पेट्रोलपेक्षा ऑक्टेन अंक (आपोआप पेट घेण्यास होणाऱ्या विरोधाचे माप) जास्त असलेले आणि लिटरमागे जादा दराने विकले जाणारे मोटार इंधन. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार साध्या पेट्रोलचा ‘संशोधन पद्धत’ (रिसर्च मेथड) या प्रमाणित चाचणीने मोजलेला ऑक्टेन अंक किमान ९१, तर प्रीमियम पेट्रोलचा किमान ९५ असा ठरवला गेला. इंडियन ऑइलचे ‘एक्सपी ९५’, हिंदुस्थान पेट्रोलियमचे ‘पॉवर’ आणि भारत पेट्रोलियमचे ‘स्पीड’ ही नावे पंपावर सर्वांच्या तोंडी आहेत. मात्र ब्रँडेड पेट्रोल भारतात आले तेव्हा पुष्कळदा ते साध्याच ऑक्टेनचे, फक्त सफाईकारक द्रव्ये मिसळलेले असे. म्हणून नावावर न जाता पंपावर लिहिलेला अंक पाहणे श्रेयस्कर. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी मथुरा रिफायनरीत तयार होणारे १०० ऑक्टेनचे ‘एक्सपी १००’ बाजारात आणले. ते महागड्या, अतिशक्तिशाली गाड्यांसाठी असून त्याचा दर साध्या पेट्रोलपेक्षा बराच जास्त राहिला आहे.

ऑक्टेन अंक ही इंधनातील ऊर्जेची किंवा शुद्धतेची मोजणी नाही. संपीडन होत असताना इंधन-हवेचे मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेट घेण्यास किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६ मध्ये सुचवलेल्या मोजपट्टीत आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि सहज ठोके देणाऱ्या, म्हणजे ठिणगीआधीच भडकणाऱ्या, नॉर्मल हेप्टेन या द्रवाला ० अंक दिलेला आहे. एखादे पेट्रोल प्रमाणित चाचणी इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेन व ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा अंक ९१ ठरतो. अमेरिकेत पंपावर लिहिला जाणारा अंक दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असल्यामुळे तो चार-पाच अंकांनी कमी दिसतो. तिथले ८७ हे ढोबळमानाने आपल्या ९१ च्या बरोबरीचे असते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसांचा भारतातील पंपावरचे आकडे पाहून गोंधळ होतो, तो यामुळेच.

स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जाते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाब व उष्णता असह्य होऊन एकदम भडकले, तर धातूवर टकटक असा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटताना, म्हणजे खंबाटकी किंवा कसारा घाटात भरलेली गाडी चौथ्यातच ओढत ठेवली, की हा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो सतत येत राहिला तर पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात आणि रिंग तुटतात. इंजिनाची कार्यक्षमता संपीडन गुणोत्तरावर, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते यावर, अवलंबून असल्याने अभियंत्यांना ते गुणोत्तर वाढवायचे असते, आणि ते वाढवण्याची मुभा ऑक्टेन अंक देतो. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबवण्याचा उपाय शोधला आणि त्याचे विष पुढे कित्येक दशके शहरांच्या हवेत साठत गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली सर्वत्र बंद झाले.

उच्च ऑक्टेन स्वतः शक्ती देत नाही, इंजिनाला अधिक शक्ती काढण्याची सोय करून देते. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे इंधन मिळाले तेव्हा त्यांच्या मर्लिन इंजिनांतील सुपरचार्जरचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) जादा दाब दर चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत वाढवणे शक्य झाले आणि खरी ताकद त्या वाढीव दाबातून आली. दाब तसाच ठेवून केवळ इंधन बदलले असते, तर वैमानिकाला फारसा फरक जाणवला नसता. घरच्या स्कूटरलाही हाच नियम लागू पडतो. ९१ ऑक्टेनवर चालण्यासाठी बनवलेल्या, ठिणगीची वेळ आधीच ठरवून दिलेल्या लहान इंजिनात ९५ चे पेट्रोल भरले, तर त्या जादा चार अंकांचा उपयोग करून घेणारी यंत्रणाच तिथे नसते.

टर्बोचार्जर (हवा दाबून भरणारे, धुराच्या झोतावर फिरणारे यंत्र) असलेल्या किंवा उच्च संपीडनाच्या गाड्यांत चित्र निराळे असते. त्यांच्या इंजिनावर नॉक सेन्सर बसवलेला असतो. ठोक्याची चाहूल लागताच नियंत्रक संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो, त्यामुळे इंजिन वाचते पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही घसरतात. अशा गाडीत ९५ चे पेट्रोल भरले की संगणक ठिणगी पुन्हा योग्य वेळी आणतो आणि गेलेली ताकद परत मिळते. अमेरिकेतील मोटारचालकांच्या ‘एएए’ या संघटनेने दोन्ही प्रकारच्या गाड्या तपासल्या आहेत. २०१६ मधील चाचण्यांत साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांना प्रीमियममुळे ताकद, अ‍ॅव्हरेज किंवा प्रदूषण यांपैकी कशातही अर्थपूर्ण लाभ झाला नाही. अशा गाड्यांत विनाकारण प्रीमियम भरून अमेरिकन ग्राहकांनी वर्षाकाठी २१० कोटी डॉलर वाया घालवले, असा अंदाज संघटनेने तेव्हा मांडला. २०१७ मध्ये ‘प्रीमियम भरणे चांगले, पण सक्ती नाही’ अशी शिफारस असलेल्या गाड्या घेतल्या, तेव्हा अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्के व अश्वशक्ती १.४ टक्के वाढली. तिथल्या दरातली तफावत मात्र २० ते २५ टक्के होती, म्हणजे या गाड्यांतही पैशांचा हिशेब जुळला नाही.

हा हिशेब ज्याला त्याला आपल्या गाडीपुरता सहज करता येतो. साधे पेट्रोल १०४ रुपये, प्रीमियम ११२ रुपये आणि स्कूटर लिटरमागे ४५ किलोमीटर धावते असे धरले, तर जादा आठ रुपये वसूल होण्यासाठी तिने साडेअठ्ठेचाळीस किलोमीटरच्या आसपास धावायला हवे. एवढी वाढ केवळ ऑक्टेनमुळे मिळणे संभवत नाही. भारतात ब्रँडेड पेट्रोलवर केंद्रीय उत्पादन शुल्क किंचित जास्त आहे. शिवाय महाराष्ट्रातील मूल्यवर्धित कराचा मोठा भाग टक्केवारीने लागत असल्याने मूळ किंमत वाढली की करही वाढतो. म्हणजे जादा मोजलेल्या पैशांतला काही भाग इंधनासाठी नसून करासाठीच जातो.

प्रीमियम पेट्रोल जास्त स्वच्छ असते, हा समज अर्धाच खरा आहे. गंधकाची मर्यादा दोन्ही प्रकारांना सारखीच, म्हणजे १० लाख भागांत १० भाग, इतकी आहे. सफाईकारक द्रव्यांमुळे इंजेक्टर व झडपा यांवर काजळी कमी साचते हे खरे आहे, परंतु त्या गुणाचा ऑक्टेन अंकाशी संबंध नाही आणि ती द्रव्ये साध्या पेट्रोलमध्येही मिसळता येतात. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे ते आत घेणाऱ्या झडपांना शिवतही नाही, त्यामुळे त्या झडपा या द्रव्यांनी धुतल्या जात नाहीत.

इथेनॉलमुळे अलीकडे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक १०० च्या वर असल्याने २० टक्के मिश्रणाच्या साध्या पेट्रोलचा अंकही पूर्वीपेक्षा वर गेला आहे. दुसरीकडे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटते. ही घट भरून काढण्यासाठी पुष्कळ लोक ९५ च्या पेट्रोलकडे वळतात, पण ९५ चे पेट्रोलही २० टक्के इथेनॉल मिसळून विकले जाते. ऑक्टेन वाढवून इथेनॉलमुळे गेलेली ऊर्जा परत येत नाही.

गाडीला कोणते पेट्रोल लागते हे पाहण्याचे ठिकाण म्हणजे उत्पादकाची माहितीपुस्तिका आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची आतली बाजू. तिथे ‘किमान ९१’ असेल तर साधे पेट्रोल पुरेसे आहे. ‘किमान ९५’ असेल तर मात्र काटकसर इंजिनावर उलटते. ९१ ची शिफारस असलेली जुनी गाडी अचानक ठोके देऊ लागली, तर सिलिंडरमध्ये साचलेल्या कार्बनमुळे संपीडन वाढले आहे का, ठिणगीची वेळ बिघडली आहे का किंवा इंजिन तापते आहे का, हे आधी मेकॅनिककडून तपासून घ्यावे, कारण अशा वेळी महाग पेट्रोल फक्त आवाज दाबते आणि मूळ दोष तसाच राहतो. ९५ लागणाऱ्या गाडीला आडगावच्या पंपावर ९१ च मिळाले, तर टाकी फुल न करता गरजेपुरते भरावे, चढावर लवकर खालचा गिअर टाकावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये आणि पुढच्या मोठ्या गावात ९५ भरून घ्यावे.