नवी एलपी घेताय? पैसे देण्याआधी एवढं वाचा

आमच्या रेकॉर्डींच्या दुकानात रोज कुणीतरी विचारतं, "नव्या एलपीचा आवाज मोबाइलपेक्षा चांगला असतो ना?" हो म्हटलं की आमचा माल खपतो. पण खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि काउंटरवर उभ्याउभ्या सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून हे पत्रक. खरेदी केली नाहीत तरी घेऊन जा.

आधी आवाजाचं

१९८२ साली सीडी आली, तेव्हापासून नुसत्या अचूकपणाच्या हिशेबात डिजिटल पुढे आहे. अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांतलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. उत्तम एलपीवर साठ-सत्तर. डिजिटल फाइलला खरखर नाही, वेगाची हलहल नाही. एलपीची आणखी एक अडचण तिच्या गोलपणातच आहे. कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर आवाज कोरलेली खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २०-२१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून बाजूच्या शेवटी 'स', 'श' फाटल्यासारखे येतात आणि झांजांची धार जाते.

गायलं तसंच कानावर पडावं, एवढीच अपेक्षा असेल तर चांगल्या दर्जाची डिजिटल फाइल घ्या. आम्ही रेकॉर्डचे दुकानदार असूनही यावर वाद घालत नाही.

"पण एलपी अ‍ॅनालॉग असते ना?" म्हणजे आवाज आकड्यांत न बदलता तसाच खाचेत कोरलेला? जुन्या टेपवरून कापलेली (कोरलेली) जुनी एलपी, हो. नव्याने निघणाऱ्या जुन्या सिनेसंगीताच्या बऱ्याच रेकॉर्डी मात्र डिजिटल मास्टरवरूनच (छपाईसाठी तयार केलेल्या मूळ प्रतीवरूनच) कापतात. ते वाईटच असतं असं नाही. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या रेकॉर्डींना लोक मूळ टेपच्या भरवशावर भारी किंमत मोजत. २०२२ मध्ये उघड झालं की त्यांतल्या अनेकींत मधे एक डिजिटल पायरी होती. तोवर भल्याभल्या पारखी कानांना पत्ता लागला नव्हता! तेव्हा डिजिटलवरून कापली म्हणून नाक मुरडू नका, पण अ‍ॅपवर आहे तेच मास्टर पुन्हा विकत घेतोय का, हे जरूर विचारा. आम्हाला माहीत असेल तर सांगू, नसेल तर तसंही सांगू.

कव्हरवरच्या '१८० ग्रॅम'च्या स्टिकरला भुलू नका. वजनाने खाच बदलत नाही. जड रेकॉर्डसुद्धा वाकडी निघालेली आम्ही पाहिली आहे.

तंबोऱ्याची परीक्षा

हा भाग शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी नीट वाचावा.

रेकॉर्डचं मधलं भोक अगदी केंद्रात नसेल तर दर फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, सूर किंचित चढतो आणि उतरतो. ढोल-गिटारच्या गर्दीत हे खपून जातं. ख्यालात मात्र मागे तंबोरा एकच सूर धरून बसलेला असतो, त्याला लपायला जागाच नाही. हिशेब असा: भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर लेबलाजवळच्या खाचेत सूर चढ-उतार मिळून दीड टक्क्याहून जास्त हलतो. आपल्याकडे सुरांमधल्या ज्या बारीक अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात ते सव्वा टक्क्याचं. म्हणजे गायक षड्जावर स्थिर उभा आहे आणि रेकॉर्ड त्याला श्रुतीभर झोके देते आहे. सवाईच्या मांडवात रात्र काढलेल्या कानाला हे पाच मिनिटांत खटकतं.

गेल्या वर्षी मागवलेल्या एका शास्त्रीय रेकॉर्डच्या पाच प्रतींपैकी तीन अशा निघाल्या. नव्या कोऱ्या, सीलबंद, महाग.

परीक्षा सोपी आहे. कुठल्याही बाजूची शेवटची पाच मिनिटं लावा. तंबोरा ऐका आणि पिनेचा दांडा समोरून बघा. दांडा लयीत डावीकडे-उजवीकडे झुलत असेल आणि सूरही त्याच लयीत हलत असेल, तर रेकॉर्ड १५ दिवसांत परत आणा, बदलून देऊ. दांडा वर-खाली होत असेल तर ती वाकडी आहे. तेही चालेल, आणा.

टिकटिक-खरखरीचं थोडं वेगळं. ती धुऊन गेली तर धूळ होती. धुऊनही राहिली तर आधी आम्हाला विचारा, कारण एकाच साच्यातून शेकडो रेकॉर्डी दाबून निघतात. दोष साच्यात असेल तर दुसऱ्या प्रतीतही त्याच जागी तोच आवाज येईल. अशा वेळी बदलून देण्याऐवजी पैसे परत देतो.

मिनिटं मोजा

घेण्याआधी एकूण मिनिटांना बाजूंच्या संख्येने भागा. १८ ते २२ आली तर उत्तम. पंचवीसच्या पुढे गेली की खाचा दाटीवाटीने बसवाव्या लागतात. आवाज बारीक होतो, खर्ज आटतो.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या तव्यावर गवयाला तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडावा लागे. एलपीने वीसेक मिनिटं दिली आणि साठ-सत्तरच्या दशकांत कलावंत स्टुडिओत त्या मापाचाच ख्याल गायले. ते गाणं एलपीवर जसं बसतं तसं कुठेच नाही: बाजू संपते तेव्हा गाणं संपलेलं असतं. उलट पन्नास मिनिटांची मैफल तीन बाजूंत तोडून विकतात, तेव्हा ऐन बढतीत उठून रेकॉर्ड पालटावी लागते. अशी मैफल डिजिटलवर ऐका. आमच्याकडे तो सेट असला तरी हाच सल्ला मिळेल.

जुनीच का नको?

जुनीही घ्या. एचएमव्हीच्या जुन्या भारतीय एलपीच्या क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. चांगली प्रत नव्या छपाईपेक्षा स्वस्तात मिळू शकते, पण कुणीतरी बोथट पिनेने ती वर्षानुवर्षं वाजवली असेल तर खाचा झिजलेल्या असतात आणि ते धुऊन जात नाही. लाखेच्या तव्यांना वेगळी, जाड पिन लागते. त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

प्लेयर

सुटकेससारखे स्वस्त प्लेयर आम्ही ठेवत नाही. त्यांतल्या बऱ्याच पिनांचा भार पाच ग्रॅमच्या आसपास असतो, चांगल्या कार्ट्रिजला (पीन बसवलेल्या भागाला) दोन पुरतात. नव्या रेकॉर्डवर तीन हजार घालायचे आणि ती अशा पिनेखाली द्यायची, याला काय म्हणावं! प्लेयर, फोनो प्रीअ‍ॅम्प, स्पीकर सगळं मिळून दहा हजारांत बसवायचं असेल तर सरळ चांगले हेडफोन घ्या. प्रीअ‍ॅम्प गाळू नका: रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त केलेले असतात, ते पूर्वपदावर आणणं त्याचं काम.

पावसाळ्यात रेकॉर्डी भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी आधी कव्हरला लागते. ठेवा उभ्या, आडव्या थप्पीत नको. गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात तर अजिबात नको.

मग घ्यावी कुणी?

आवडत्या कलावंताचं काम हातात धरायचं आहे, बारा इंची कव्हरवरचा मजकूर चष्मा न लावता वाचायचा आहे, आणि एक बाजू लावली की मधे फोनला हात लावायचा नाही, अशांनी खुशाल घ्यावी. अ‍ॅपवरचा अल्बम करार संपला की एका रात्रीत गायब होऊ शकतो. कपाटातली एलपी कुणी काढून नेत नाही (उसनी मागून नेणारे मित्र सोडून). एखाद्या रेकॉर्डचं मास्टरिंग (छपाईआधीची आवाजाची शेवटची जुळणी) खास एलपीसाठी निगुतीने केलेलं असतं, ती अ‍ॅपपेक्षा गोड लागू शकते. पण ते त्या एका रेकॉर्डचं, सगळ्या एलपींचं नव्हे.

शंका असेल तर येताना तीच गाणी फोनवर घेऊन या. एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, आवाज सारखा करून दोन्ही ऐकवतो. रविवारी गर्दी असते, मंगळवारी-बुधवारी सकाळी निवांत असतं. पूर्ण बाजू ऐकायची असेल तर खुर्ची आहे.