किंगपिन जागचा हलत नाही

नाशिकमधल्या आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळच्या गॅरेजात 'किंगपिन' म्हटलं तर कुणाला कॉमिक्समधला टकल्या आठवत नाही. तिथे किंगपिन म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला स्टब अ‍ॅक्सल (चाक बसतं तो आखूड तुकडा) जोडणारी कडक पोलादाची पिन. स्टेअरिंग फिरलं की चाक या पिनभोवती वळतं. पिन मात्र जागेवरच असते. वेळेवर ग्रीस मारलं नाही की बुश (पिनभोवतीच्या नळ्या) झिजतात, प्ले येतो, म्हणजे सांधा ढिला पडतो, चाक फडफडायला लागतं आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो.

कॉमिक्समधला किंगपिन म्हणजे विल्सन फिस्क, आणि या खलनायकाला हे नाव फार चपखल बसलं आहे. तो पहिल्यांदा आला जुलै १९६७ मध्ये, 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ५०व्या अंकात. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं जॉन रोमिता यांची. त्या अंकात स्पायडर-मॅन आपला वेष कचऱ्याच्या पिंपात टाकून निघून जातो आणि न्यूयॉर्कच्या टोळ्या एका हाताखाली आणायला फिस्क नेमकी तीच वेळ साधतो. त्याला उडता येत नाही, भिंतीवर चढता येत नाही, त्याच्या डोळ्यांतून किरणही निघत नाहीत. जगाला तो सांगतो की आपण साधे मसाल्याचे व्यापारी आहोत. सज्जनाच्या वेषात येण्याची ही युक्ती पंचवटीला काही नवी नाही. सीतागुंफेसमोर रांगेत उभ्या असलेल्या पोरालाही भिक्षेच्या झोळीची गोष्ट ठाऊक असते.

मग साठ वर्षांच्या घरात आला तरी हा माणूस जुना का होत नाही? मोठा वाटा त्याच्या आकाराचा आहे, आणि त्यामागे बरंच विज्ञान आहे.

उंची ६ फूट ७ इंच, वजन ४५० पौंड. म्हणजे साधारण २०१ सेंटिमीटर आणि २०४ किलो. १७० सेंटिमीटर उंचीचा, ६८ किलोचा माणूस त्याच ठेवणीत २०१ सेंटिमीटरपर्यंत वाढवला तर उंची १.१८ पट होते, हाडांचा छेद १.४ पट आणि वजन १.६५ पट, म्हणजे ११२ किलो. आकार वाढला की वजन बळाच्या पुढे पळतं, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवलं आहे. फिस्क तर त्या ११२च्याही जवळजवळ दुप्पट आहे. त्याच्या हाडांच्या दर चौरस सेंटिमीटरवर आपल्या दुपटीहून जास्त भार पडतो. कॉमिक्सवाले म्हणतात, सुमो पैलवानासारखे सगळे स्नायूच आहेत. असतील, गुडघ्यांना त्याने काय फरक पडतो?

डोळ्यांना मात्र पडतो. 'सायन्स' या नियतकालिकात २०११ मध्ये आलेल्या एका प्रयोगात तान्ह्या बाळांना पडद्यावर दोन ठोकळे दाखवले होते, एक मोठा आणि एक छोटा, दोघांनाही डोळे-तोंड काढलेलं. दोघे समोरासमोरून येतात, मध्ये अडतात, मग एकजण मान तुकवून बाजूला होतो. मोठा ठोकळा बाजूला झाला की १० ते १३ महिन्यांची बाळं जास्त वेळ टक लावून पाहत राहिली, म्हणजे त्यांना हे अनपेक्षित होतं. ८ महिन्यांच्या बाळांत हा फरक दिसला नाही. वाट छोट्याने सोडायची, हे माणूस बोलायच्या आधी शिकतो तर! टक्कलही फुकट गेलेलं नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात त्याच पुरुषांचे फोटो केस काढून दाखवले, तेव्हा पाहणाऱ्यांना ते जवळजवळ इंचभर उंच आणि १३ टक्के जास्त ताकदवान वाटले.

पण कागदावर 'मोठं' असं काही नसतंच. दहा सेंटिमीटरचं चित्र ते दहा सेंटिमीटरचंच. मोठेपण शेजारच्याकडून मोजलं जातं, आणि ते नाशिककरांना कुणी शिकवायला नको. गोदेला पूर आला की आपण आकडा विचारत नाही, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं ते विचारतो. गुडघ्याला, कमरेला, की गळ्याशी?

चित्रातली क्षितिजरेषा म्हणजे असंच पुराचं पाणी. सपाट जमिनीवर एकाच उंचीची माणसं जवळ असोत की लांब, ही रेषा त्यांना शरीराच्या एकाच ठिकाणी कापते. १:२० हे प्रमाण धरा. ५ फूट ८ इंचाचा माणूस ८.६ सेंटिमीटरचा होईल, त्याचे डोळे जमिनीपासून ८.१ सेंटिमीटरवर. तिथून पुसट आडवी रेघ मारा. त्याच्याच शेजारी फिस्क १० सेंटिमीटरचा आणि ती रेघ त्याच्या खांद्यांवरून जाणारी. नवशिके चित्रकार इथेच चुकतात. फिस्कचे डोळेही सवयीने त्याच रेघेवर ठेवतात आणि पाय कागदावर खाली ओढून चित्र वाढवतात. मग राक्षस दिसत नाही, साधाच माणूस चार पावलं जवळ येऊन उभा राहिलेला दिसतो.

दुसरी चूक डोक्याची. अंगासोबत डोकंही फुगवलं की गुबगुबीत बाळ तयार होतं, कारण अंगाच्या मानाने मोठं डोकं ही लहान मुलाची खूण आहे. डोकं शेजारच्या माणसाइतकंच ठेवा, सव्वा सेंटिमीटरच्या आत. खांदे मात्र ४ सेंटिमीटर. मागे सात बाय तीन फुटांचा दरवाजा काढला तर त्याच प्रमाणात तो १०.७ बाय ४.६ येतो. दोन्ही खांद्यांशी ३-३ मिलिमीटर आणि डोक्यावर ७ मिलिमीटर फट उरते. तेवढी फट पुरे. वाचक मनातल्या मनात तो दरवाजा अडवला गेल्याचं अनुभवतो. पोट पट्ट्यावरून लोंबू देऊ नका. वजन छातीत ठेवा.

आणि फिस्कचा पांढरा कोट. जुन्या चाररंगी छपाईत पांढरा म्हणजे शाई न लागलेला कागद. पानातला सगळ्यात उजळ तुकडा तोच असेल तर नजर आधी तिथे जाते, पण मागची भिंत गडद असेल तरच. कोटावर चुण्यांच्या बारीक रेघा भरल्या तर १० बाय १५ इंचाचं चित्र दोन-तृतीयांश करून छापताना त्या एकमेकींत मिसळून कोट मळका दिसतो. काख, कोपर आणि बटण, एवढ्याच ठिकाणी चुणी द्या. (कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांचा आणि सत्तेचा संबंध मराठी वाचकाला वेगळा समजवावा लागत नाही.)

अशा माणसाबद्दल ओढ का वाटते, यावर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये सुमारे सव्वादोन लाख लोकांच्या आवडीनिवडी तपासल्या. माणसं स्वतःशी मिळत्याजुळत्या खलनायकांकडे जास्त झुकतात, असं दिसलं. प्रत्यक्षातला वाईट माणूस आपल्यासारखा निघाला की अंगावर काटा येतो. गोष्टीतला असेल तर तो धोका नसतो. फिस्कमध्ये मिळतंजुळतं सापडायला वेळ लागत नाही. बायको व्हेनेसावर जीव, कामात शिस्त, अपमान न विसरणारी स्मरणशक्ती.

त्याच्या कथा बिघडतात त्या मात्र एकाच कारणाने. लेखक त्याला दर अंकात मारामारीला उतरवतो. भिंतीवर चढणाऱ्या आणि मोटार उचलणाऱ्या नायकापुढे २०४ किलोचा बिनशक्तीचा माणूस किती टिकणार? दोन-तीनदा हरला की प्ले येतो. त्यापेक्षा सहा चौकटींच्या पानात पाच चौकटी इतरांनी पळावं, ओरडावं, फोन करावेत. सहावीत फिस्क टेबलाशी बसलेला, गतीची एकही रेघ नाही, हातातला कप बशीत ठेवतोय.