सोल्डरला हात लावू नका

फेंडर कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचं पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लॅस्टिकची पाटी, उलटं केलं की आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर सात आकडे ठोकलेले दिसतात. समजा, १३७६५१२. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ असते तर स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे, ६५. शेवटचे दोन आठवड्याचे, बारावा. म्हणजे हा पॉट १९६५च्या मार्चमधला, आणि पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याआधीची असूच शकत नाही. एवढं जुळलं की घेणारा माणूस भिंग काढून वायरींचे टाके बघतो. सोल्डर मळकट, एकदाच वितळलेलं दिसलं की चेहरा खुलतो. चकचकीत दिसलं, की मध्ये कुणीतरी हात घातलाय, आणि भाव उतरला.

गंमत अशी, की ज्या वादकांमुळे या गिटारींना भाव आला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापल्या गिटारीत सर्रास हात घातला होता.

मुळात फेंडरची इलेक्ट्रिक गिटार जन्मली तीच दुरुस्तीच्या दुकानात. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने बाजारात आणलेली गिटार रेडिओवाल्याच्या डोक्यातूनच निघाली होती: नेक, म्हणजे गिटारीची मान, सरसाने चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी बसवलेला, सगळं वायरिंग एका पत्र्याखाली. नेक झिजला? स्क्रू काढा, दुसरा लावा. तिचं नाव होतं ब्रॉडकास्टर. ग्रेट्श कंपनीचे जवळपास त्याच नावाचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली. १९५१ मध्ये, टेलिकास्टर हे नवं नाव छापून येईपर्यंत, कारखान्यात स्टिकरवरचं जुनं नाव कात्रीने कापून नुसतं ‘फेंडर’ चिकटवत होते. कात्री चाललेल्या त्या बिननावाच्या गिटारींना आज ‘नोकास्टर’ म्हणतात आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. कारखान्याने केलेली काटछाट ‘मूळ’ आणि वादकाने केलेली ‘बिघाड’, असा हा न्याय आहे.

मिशिगनमधल्या कॅलमाझूच्या गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीचं काम वेगळं. चिकटवलेला नेक, कोरीव मेपलचा माथा, सगळं सुतारकीच्या तोऱ्यात. त्यांची लेस पॉल १९५२ साली आली. १९५७ मध्ये तिच्यावर गिब्सनच्या सेथ लव्हरने घडवलेले हमबकर पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) बसले. दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडल्या की विजेची घरघर कापली जाते, ही त्यामागची युक्ती. पेटंट अजून मिळालं नव्हतं, म्हणून पिकअपच्या तळाशी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं चिमुकलं स्टिकर असे. त्यावरून ‘पीएएफ’ हे नाव रूढ झालं. १९५९ ला पेटंट मिळालं, तरी स्टिकर काही वर्षं तेच राहिलं. आणि शेवटी पेटंटचा नंबर छापला तो पिकअपचा नव्हेच, तर लेस पॉलच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवायच्या भागाच्या, पेटंटचा! पीएएफच्या कॉइलवर तांब्याच्या तारेचे किती वेढे बसतील आणि आत कुठल्या प्रतीचा मॅग्नेट जाईल, याला फारसा धरबंध नव्हता. त्यामुळे शेजारी-शेजारी बनलेले दोन पिकअपसुद्धा वेगळे वाजतात. पुढे लोकांनी या योगायोगालाच मंत्र मानलं.

१९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट रंगाची लेस पॉल त्या काळी फारशी खपली नाही. सुमारे दीड हजार बनल्या आणि १९६१ मध्ये कंपनीने आकारच बदलून टाकला. मग १९६६ मध्ये इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या रेकॉर्डवर अशाच एका जुन्या लेस पॉलवर, ॲम्प्लिफायर ताणून वाजवताना ऐकू आला. नवी मिळत नव्हती, तेव्हा तरुण पोरं जुनी शोधू लागली. तिकडे १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर १.३ कोटी डॉलरला विकत घेतली होती. पुढच्या काही वर्षांत ‘सीबीएसच्या आधीची’ हा शब्द किमतीसारखा उच्चारला जाऊ लागला. नव्यापेक्षा जुनं बरं, ही समजूत इथली.

पण जुनी म्हणजे तेव्हा नुसती वापरलेली. तिला सोवळ्यात ठेवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. आवाज मोकळा होतो म्हणून पिकअपवरचे धातूचे कव्हर उचकटून फेकले. क्लूसन कंपनीच्या खुंट्या सैल पडतात म्हणून हेडस्टॉकची (नेकच्या टोकाची) भोकं रुंद करून ग्रोव्हर कंपनीच्या बसवल्या. गोल्डटॉप, म्हणजे सोनेरी लेस पॉलचा रंग खरवडून खालचं मेपल उघडं केलं, पी-९० या जुन्या एका कॉइलच्या पिकअपचा खड्डा वाढवून हमबकर बसवले. स्ट्रॅटोकास्टरच्या स्विचला तीनच जागा होत्या. वादक तो मधल्या दोन खाचांत अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायचे. फेंडरने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. कंपनीने वादकांच्या खोडीला वीसेक वर्षांनी मान्यता दिली म्हणायची.

तोवर सुटे पिकअप विकणं हाच धंदा झाला होता. लॅरी डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ चा, सेमूर डंकनची कंपनी १९७६ ची. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तर १३० डॉलरमध्ये बॉडी आणि नेक विकत घेऊन, गिब्सनचा पिकअप मेणात बुडवून, आपली गिटार घरीच जोडली.

सगळ्यात बोलकं उदाहरण पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटचं (स्ट्रॅटोकास्टरचं). १९७० साली न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून घेतलेली साधी गिटार. काळ्या रंगाखाली आधीचा सनबर्स्ट. १९७४ मध्ये पांढरं पिकगार्ड जाऊन काळं आलं. नेक किती वेळा बदलला ते मोजत बसायला नको. ब्रिजजवळ (तारा टेकतात त्या घोडीजवळ) आधी डिमार्झिओचा, मग डंकनचा पिकअप. सूर हलवायचा व्हायब्रेटोचा दांडा कापून आखूड केलेला. वेगळ्या सॉकेटसाठी भोक पाडलं, नंतर बुजवलं. १९८० च्या दशकात केहलर कंपनीचा ब्रिज बसवायला चक्क लाकूड कोरून काढलं. मग ती अनेक वर्षं हार्ड रॉक कॅफेत शोभेची वस्तू होती. परत आल्यावर तो खड्डा लाकडाने भरून जुन्या पद्धतीचा ब्रिज बसवला, आणि २००५ च्या लाइव्ह एटमध्ये ती पुन्हा मंचावर आली. २०१९ मध्ये लिलावात तिला ३९,७५,००० डॉलर मिळाले, तेव्हाचा विक्रम. हीच गिटार एखाद्या अनोळखी माणसाच्या घरातून निघाली असती, तर व्यापाऱ्याने ‘फारच छेडछाड झालीय’ म्हणून भाव पाडला असता.

सर्वसाधारण बाजारात हिशेब निष्ठुर असतो. नुसता रंग पुन्हा मारला असेल तर किंमत निम्म्यावर येते असं व्यापारी धरून चालतात, आणि हा नियम पन्नासच्या दशकातल्या नायट्रो लॅकरमुळे फार कडक झाला. हे लॅकर वाळतं, आक्रसतं, त्याला केसासारख्या भेगा पडतात, पांढऱ्याचं लोण्यासारखं पिवळं होतं. नव्या रंगाला हे वय येत नाही. वय विकत मिळतं म्हटल्यावर कंपन्या गप्प बसणार नव्हत्या. १९९५ मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपने मुद्दाम खरचटवलेल्या, गंजवलेल्या नव्या गिटारी ‘रेलिक’ नावाने आणल्या. मला यातलं कसब मान्य आहे, पण नवी जीन्स फाडून घ्यावी तसा हा शौक मात्र कधी पचला नाही. आपल्याकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी पुन्हा पुन्हा काढतात. त्याने तंबोरा बाटला असं कुणी म्हणत नाही.

दुरुस्तीवाल्यापुढे आणखी एक पेच आहे तो लाकडाचा. जुन्या फिंगरबोर्डांचं (नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्ट्यांचं) ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. त्याच्या जागी आपल्याकडची शिसवी साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच रुळली होती, म्हणजे पश्चिम घाटातही उगवणारं झाड. २०१७ मध्ये रोजवुडच्या जवळजवळ सगळ्या जाती दुसऱ्या, कमी कडक यादीत आल्या, मग २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. त्याआधी, २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले, तेव्हा जप्त मालात भारतातून आलेली शिसवी आणि एबनी होती. तुटका जुना फिंगरबोर्ड बदलायचा तर आता कागदपत्रंही तपासावी लागतात.

म्हणून चांगला कारागीर काम हातात घेतलं की आधी फोटो काढतो. फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नवे घालावेच लागतात, खरखरणारा पॉट बदलावाच लागतो. वाजवायची गिटार कपाटात ठेवून चालत नाही. पण नवं भोक पाडायचं नाही, जुन्या भोकात बसेल असाच भाग शोधायचा. काढलेला पॉट, झिजलेल्या खुंट्या, स्क्रूसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि केसमध्येच ठेवायला सांगायचं. साठच्या दशकात पोरांनी फेकून दिलेलं पीएएफचं निकेलचं कव्हर आज चांगल्या किमतीला जातं.