दुप्पट केलं की नेमकं काय दुप्पट होतं?

एखादी गोष्ट छोट्या प्रमाणात मस्त चालली की कुणीतरी लगेच म्हणतंच, आता स्केल करा! जणू काय फोटो झूम करायचाय. पण मोठं करताना सगळ्या गोष्टी एकाच वेगाने वाढत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पत्र्याची चौकोनी बंद टाकी घ्या, प्रत्येक बाजू 1 मीटर. पत्रा लागतो 6 चौरस मीटर, आत मावतं 1 घनमीटर. आता बाजू 2 मीटर करा. पत्रा 24 चौरस मीटर, म्हणजे चौपट, पण मावतं 8 घनमीटर! केमिकल प्लांटवाल्यांचा जुना ठोकताळाच आहे की क्षमता दुप्पट केली तर खर्च साधारण दीडपट होतो (पत्रा जाड करावा लागतो वगैरे भानगडी धरूनही).

आता त्याच टाकीत उष्णता सोडणारी रिअ‍ॅक्शन चालू आहे असं समजा. उष्णता सगळ्या द्रवात तयार होते म्हणजे आठपट, आणि बाहेर पडायची वाट पत्र्यातून, ती चौपटच. लॅबच्या फ्लास्कमध्ये जे आपोआप थंड होत होतं ते इथे तापत जातं, तापलं की रिअ‍ॅक्शन अजून जोरात, मग अजून उष्णता, आणि वेळेत आवरलं नाही तर थेट स्फोट. ज्या हिशोबाने पैसे वाचले त्याच हिशोबाने धोका वाढला. प्राण्यांचंही तेच, वजन दुप्पट झालं तर ऊर्जा साधारण 1.7 पटच लागते हे मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये दाखवलं, पण हाडं मात्र प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात, हे गॅलिलिओने 1638 मध्येच लिहून ठेवलंय.

माणसांच्या टीमचं गणित तर याहून वाईट. 5 जणांत जोड्या होतात 10, 10 जणांत 45, आणि 50 जणांत 1225. म्हणजे माणसं दहापट आणि "अरे तुला सांगायचं राहिलं" म्हणायच्या जागा शंभरपटीहून जास्त! रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने दोरी ओढायला लावून मोजलं होतं (1913 मध्ये छापलं), आठ जण एकत्र ओढताना माणशी जोर जवळपास निम्म्यावर आला, थोडा ताळमेळ न जमल्यामुळे आणि थोडा, खरं सांगायचं तर, दुसरा ओढतोय ना म्हणून. आयबीएममध्ये मोठं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने 1975 मध्ये लिहिलं की लेट झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की ते अजून लेट होतं. तरी मॅनेजर लोक आजही तेच करतात.

कॉम्प्युटरही सुटत नाही. कामातला 10 टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल तर हजार प्रोसेसर लावा, स्पीड दहापटीच्या वर जाणार नाही.

मग करायचं काय? तुकडे पाडायचे. 50 जणांच्या 10-10 च्या पाच टीम केल्या तर आतल्या जोड्या 225, आणि पाच लीडर आपसात बोलणार त्या 10, एकूण 235. कुठे 1225 आणि कुठे 235. पण फुकट काहीच नाही, आता एका टीममधली अडचण दुसऱ्या टीममधल्या माणसापर्यंत दोन लीडरमधून जाते, उशिरा जाते आणि बरेचदा अर्धवटच पोचते. केमिकलवालेही हल्ली काही ठिकाणी एक अजस्र रिअ‍ॅक्टर बांधण्याऐवजी छोटे छोटे रिअ‍ॅक्टर शेजारी शेजारी लावतात, उष्णतेचा प्रश्न सुटतो, पण पाइप, व्हॉल्व्ह आणि सेन्सर मात्र तितक्या पटीने घ्यावे लागतात आणि ती दीडपट खर्चाची सूट हातची जाते.