वाद कांद्याचा, अबोला घरचा

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. निफाडचा काका लासलगावच्या लिलावात कांद्याचा ट्रॅक्टर लावणारा, नाशिकच्या इंदिरानगरचा पुतण्या कांदा किलोने विकत घेणारा. अशा घरात दोघांचं पटलं नाही तर नवल नाही. नवल याचं, की कांद्याच्या भावाचा मुद्दा मागे पडतो आणि 'तुमचा पक्ष' पुढे येतो.

याची किंमत मोजली गेली आहे ती अमेरिकेत. २०१६ च्या निवडणुकीनंतरच्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे घरच्यांनी एकत्र जेवायच्या सणाला, लोक जेवणाला किती वेळ थांबले, हे चेन आणि रोहला या संशोधकांनी मोबाइलच्या लोकेशनवरून काढलं. यजमान आणि पाहुणे वेगळ्या राजकीय कलाच्या वस्त्यांतले असले, की पंगत ३० ते ५० मिनिटं आधीच उठली.

आपल्याकडे पहिली ठिणगी बहुधा फॅमिली ग्रुपवर पडते. २००५ च्या एका प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं, आपला उपरोध ७८ टक्के वेळा कळेल. वाचणाऱ्यांनी तो ५६ टक्के वेळाच ओळखला. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं! लिहिणाऱ्याच्या डोक्यात सूर वाजत असतो, वाचणाऱ्याला नुसती अक्षरं मिळतात. म्हणून ग्रुपवर तिसरं उत्तर टाइप करण्याआधी फोन लावावा. तोही त्या एकालाच, कारण प्रेक्षक असले की बोलण्याची कुस्ती होते.

फोनवर काय विचारायचं? 'तुम्ही त्यांची बाजू का घेता' हे नको. 'का' विचारलं की माणूस कारणांची भिंत बांधतो. 'कसं' विचारावं: निर्यात थांबली की लिलावात भाव कसा पडतो? उत्तर पायरीपायरीने द्यावं लागतं. डिसेंबरात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो महिनोन्‌महिने चाळीत टिकत नाही, काही आठवड्यांत विकावाच लागतो. निर्यातदार लिलावातून बाजूला झाला की बोली लावणारे घटतात. आता काकाने विचारावं, मग गल्लीतल्या गाडीवर तो तेवढाच स्वस्त का होत नाही? तिथे वाहतूक, प्रतवारी, घट, किरकोळ नफा असं सगळं मध्ये येतं. दोघेही कुठेतरी अडखळतात, आणि ते अडखळणंच कामाचं असतं. आपल्याला वाटतं तेवढं कळत नाही, ही जाणीव अशा प्रश्नांनी होते, हे २००२ पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. त्यामुळे मतंही निवळतात, असं २०१३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं, पण पुढच्या प्रयोगांत ते टिकलं नाही. तेव्हा काका पक्ष बदलतील ही आशा सोडावी. आणि 'कसं'चा सूर उलटतपासणीचा झाला तर सगळंच फिसकटतं. आधी आपण स्वतः उत्तर देऊन पाहावं.

नाशिकमधल्याच सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रश्न वेगळा असतो. तिथे भांडण क्वचित होतं, गप्प बसणं जास्त. घटनेच्या कलम १९ मधलं भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध मिळतं. खासगी कंपनीत नेमणूकपत्र आणि स्थायी आदेश (कामगारांना लागू असलेले कंपनीचे नियम) बघावे लागतात. राज्य सरकारी नोकरांना १९७९ चे वर्तणूक नियम पक्षीय राजकारणात भाग घेऊ देत नाहीत. मत कोणाला दिलं हे मात्र साहेबाला सांगणं भाग नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ साक्षीच्या पिंजऱ्यातही ती सक्ती होऊ देत नाही.

पण कॅन्टीनमधली शांतता कायद्यापेक्षा टेबलावरून ठरते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सारख्या लांबीची रेष ओळखायची असे. आधीच पढवलेले बाकी सगळे मुद्दाम चुकीची रेष सांगत, तेव्हा एकटा पडलेला माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्याच सुरात बोले. खरं बोलणारा एक सोबती मिळाला की हे प्रमाण आधीच्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर येई. म्हणून बैठकीत सुपरवायझरने शेवटी बोलावं आणि वादाच्या विषयावर आधी चिठ्ठ्या मागवाव्यात. आणि तो सोबती आपल्याच मताचा असावा लागतो असंही नाही: त्याने तिसरंच, तेही चुकीचं उत्तर दिलं, तरी ॲश यांच्या प्रयोगात माणसं गर्दीमागे जाणं बरंच कमी झालं.